अहवालाला किती तास लागले?

कोविडच्या काळात जिल्ह्याचं रोजचं पत्रक यायचं. किती स्वॅब घेतले, किती पॉझिटिव्ह आले, किती बरे होऊन घरी गेले, किती दगावले, सगळं तालुकावार. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात लोक संध्याकाळी मोबाइल हातात धरून त्या पत्रकाची वाट पाहत. एक आकडा मात्र मथळ्यात नसायचा: स्वॅब घेतल्यापासून अहवाल त्या माणसाला कळेपर्यंत किती तास गेले? कोकणाने साथीला कसं तोंड दिलं हे तपासायचं असेल, तर माझ्या मते सुरुवात याच आकड्यापासून व्हायला हवी. आपल्याकडची आरोग्यातली विषमता सगळ्यात स्पष्ट दिसते ती या तासांमध्ये, आणि पुढच्या साथीची तयारी करताना पहिल्यांदा कमी करता येण्यासारखी गोष्टही हीच आहे.

२०२०च्या मार्चमध्ये साथ राज्यात आली तेव्हा मुंबईच्या कस्तुरबा रुग्णालयाची प्रयोगशाळा मुंबईतच होती. रत्नागिरीच्या स्वॅबला मात्र आधी पुणे आणि मग मिरज गाठावं लागत होतं. रत्नागिरीहून आंबा घाट चढून, कोल्हापूर ओलांडून मिरज म्हणजे पावणेदोनशे किलोमीटरचा रस्ता. जिल्ह्यात प्रयोगशाळा हवी, यासाठी उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. जून २०२०मध्ये रत्नागिरीत प्रयोगशाळा सुरू झाली आणि त्यानंतर सिंधुदुर्गात ओरोसला. तोवर लाखोंच्या संख्येने चाकरमानी गावी पोचले होते. म्हणजे ज्या आठवड्यांत चाचणीची सर्वाधिक गरज होती, त्याच आठवड्यांत ती जिल्ह्याबाहेर होती.

या प्रवासात नेमकं काय होतं, ते नीट पाहायला हवं, कारण दिरंगाई रस्त्यापेक्षा रस्त्याच्या दोन्ही टोकांना जास्त होते. स्वॅबची काडी पॉलिएस्टर किंवा नायलॉनच्या तंतूंची लागते. कापसाचा बोळा आणि लाकडी काडी चालत नाही, कारण त्यातले घटक पीसीआरच्या, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश वाढवून शोधण्याच्या, प्रक्रियेत अडथळा आणतात. काडी नाकात वर न नेता टाळूला समांतर मागे सरकवायची, साधारण नाकपुडीपासून कानापर्यंतच्या अंतराच्या निम्म्यापर्यंत. तिथे काही सेकंद ठेवून फिरवायची आणि मग बाहेर काढायची. नाकाच्या शेंड्याशीच फिरवून बाहेर काढलेली काडी निगेटिव्ह अहवाल देते, आणि तो निगेटिव्ह खरा की खोटा हे पुढे कुणालाच कळत नाही. नंतर काडी व्हीटीएमच्या (विषाणू टिकवून ठेवणाऱ्या द्रवाच्या) नळीत मोडून टाकायची, झाकण घट्ट लावायचं, तिहेरी आवरणात गुंडाळायची आणि बर्फाच्या पिशव्यांसोबत २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायची. या तापमानात नमुना ७२ तास टिकतो. त्याहून उशीर होणार असेल तर उणे ७० अंशांचा फ्रीझर लागतो, आणि तो ग्रामीण रुग्णालयात नसतो.

आता घड्याळ लावू. रत्नागिरी जिल्ह्याच्या टोकाच्या मंडणगड तालुक्यातल्या एखाद्या वाडीत सकाळी ११ वाजता स्वॅब घेतला. तालुक्यातल्या दिवसभराच्या नळ्या गोळा करून गाडी संध्याकाळी निघते, म्हणजे सहा-सात तास तिथेच गेले. जिल्ह्याच्या ठिकाणी पोचून नोंद होईतो रात्र. प्रयोगशाळेत ९६ खाचांची प्लेट असते. दोन खाचा नियंत्रण नमुन्यांसाठी सोडल्या की ९४ नमुने एका फेरीत बसतात. विषाणूचा आरएनए (जनुकीय धागा) वेगळा काढण्यापासून निकालापर्यंत एक फेरी चार ते सहा तास घेते. प्लेट अर्धी भरली असेल तर रसायन वाया जाऊ नये म्हणून प्रयोगशाळा बाकीच्या नमुन्यांची वाट पाहते, आणि जास्त नमुने आले तर रांग लागते. शिवाय नळीवरचं नाव आणि अर्जावरचं नाव जुळलं नाही, झाकणातून द्रव गळला, नोंदणी क्रमांकाचा एक आकडा चुकला, की तो नमुना बाजूला पडतो आणि पुन्हा स्वॅब घ्यायचा निरोप तीन दिवसांनी येतो. नोंदणीला मोबाइल नंबर लागतो. घरातल्या म्हातारीकडे फोन नसतो, म्हणून मुंबईतल्या मुलाचा नंबर दिला जातो. मग अहवाल आधी विरारला पोचतो आणि तिथून गावात नेटवर्क मिळेल तेव्हा घरी. यंत्राचे तास पाच आणि माणसांचे साठ-सत्तर, असा हा हिशेब आहे.

तासांना एवढं महत्त्व का, याचं उत्तर विषाणूच्या वागण्यात आहे. कोविडमध्ये माणूस लक्षणं दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासून संसर्ग पसरवू शकतो. लक्षणं सुरू होतात त्या सुमारास हे प्रमाण सर्वाधिक असतं आणि सौम्य आजारात आठ-दहा दिवसांत ते संपत येतं. ताप आल्यावर दोन दिवस ‘साधा सर्दीताप असेल’ म्हणून गेले, तिसऱ्या दिवशी स्वॅब दिला आणि चार दिवसांनी अहवाल आला, तर तो येईपर्यंत पसरायचं ते बहुतेक पसरून झालेलं असतं. असा अहवाल आकडेवारीत भर घालतो, वाडीला वाचवत नाही. तीन-चार दिवसांनी येणाऱ्या अचूक उत्तरापेक्षा अर्ध्या तासात येणारं थोडं कमी अचूक उत्तर साथ रोखायला जास्त कामाचं असतं, अट एवढीच की ते योग्य माणसांवर वापरलं पाहिजे.

कोकणात गाडी रुळावरून घसरली ती इथेच. चाचणी आजारी माणसाला उपचारांपर्यंत नेण्यासाठी असते, आपण तिला वेशीवरचा दाखला करून टाकलं. कशेडी घाटात आणि खारेपाटणला गाड्या अडवल्या गेल्या, तपासण्या झाल्या, हातावर शिक्के बसले. २०२०च्या गणेशोत्सवात चतुर्थी २२ ऑगस्टला होती. सरकारने १२ ऑगस्टची रेघ आखली: त्याआधी येणाऱ्याने दहा दिवस अलगीकरणात राहायचं, त्यानंतर येणाऱ्याने आदल्या ४८ तासांतली चाचणी दाखवायची. अनेक ग्रामकृती दलांनी त्यावर आपापले जादा नियम घातले.

गावांना मी दोष देत नाही. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या आधीच्या दशकापेक्षा घटलेली होती. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १०३६. कमावते पुरुष मुंबई-पुण्यात, मागे म्हातारे आईवडील आणि घर सांभाळणाऱ्या बायका, अशी ही गावं आहेत. ज्या वयाला या विषाणूचा सर्वाधिक धोका, त्याच वयाची माणसं घरोघरी, आणि तालुक्याला व्हेंटिलेटर बोटांवर मोजण्याइतके. अशा गावाने वेशीवर काठी आडवी धरली तर त्यामागे भीती होती आणि ती खरी होती. जिल्हा परिषदेच्या शाळा उघडून दिल्या, मांगर झाडून दिले, जेवणाचे डबे पोचवले, हेही याच गावांनी केलं. माझा आक्षेप त्यांच्या हाती जे साधन दिलं गेलं त्याला आहे.

ते साधन कसं चालतं ते आकड्यांतून पाहू. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) १४ जून २०२०ला पहिल्या रॅपिड अँटिजेन किटला मान्यता दिली, तेव्हा त्यांच्याच मूल्यांकनात त्याची संवेदनशीलता (बाधितांना बाधित म्हणून ओळखण्याचं प्रमाण) ५०.६ ते ८४ टक्के आणि विशिष्टता (निरोगी माणसांना निरोगी म्हणून ओळखण्याचं प्रमाण) ९९.३ ते १०० टक्के आली होती. संवेदनशीलता ६० आणि विशिष्टता ९९.५ टक्के धरू. घाटात १,००० प्रवाशांची या किटने तपासणी केली आणि त्यांतले २ टक्के म्हणजे २० जण बाधित असतील, तर १२ सापडतात आणि ८ निगेटिव्हचा कागद घेऊन पुढे जातात. उरलेल्या ९८० निरोगी माणसांतले साधारण ५ जण उगाच पॉझिटिव्ह ठरतात. म्हणजे अडवलेल्या १७ जणांत ५ निरोगी, आणि सोडलेल्यांत ८ बाधित, ज्यांच्या खिशात आता सरकारी कागद आहे. तो कागद नसता तर ती माणसं पडवीत झोपली असती, म्हाताऱ्यांपासून चार हात लांब राहिली असती. कागदामुळे ती माजघरात गेली. शिवाय दोन दिवसांपूर्वी लागण झालेल्या माणसाची आरटीपीसीआरही निगेटिव्ह येऊ शकते, कारण लक्षणं दिसायला सरासरी पाचेक दिवस लागतात.

आता तेच किट तापाची साथ दिसलेल्या वाडीत नेऊ. ५० जणांना ताप-खोकला आहे आणि त्यांतले २० बाधित आहेत. १२ जण अर्ध्या तासात सापडतात, खोटा पॉझिटिव्ह जवळपास नसतो, आणि त्या १२ जणांच्या घरी त्याच दुपारी ऑक्सिमीटर आणि औषधं पोचवता येतात. उरलेल्या ३८ जणांचे नमुने आरटीपीसीआरला जातात. लक्षणं असताना अँटिजेन निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआर करायची, असा आयसीएमआरचा स्पष्ट नियम होता. एकच किट घाटात दिशाभूल करतं आणि वाडीत जीव वाचवतं.

आणखी एक गोष्ट दाखला मागणाऱ्यांच्या ध्यानात आली नाही. आरटीपीसीआर विषाणूचे मेलेले तुकडेही पकडते, त्यामुळे बरा झालेला माणूस कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकतो. म्हणून तर केंद्राच्या ८ मे २०२०च्या धोरणात सौम्य रुग्णाला लक्षणं सुरू झाल्यापासून दहा दिवसांनी, शेवटचे तीन दिवस ताप नसेल तर, पुन्हा चाचणी न करता घरी सोडायला सांगितलं होतं. तरी गावात परतणाऱ्याकडे ‘निगेटिव्ह आणा’ ही मागणी होत राहिली. दुसरी लाट ऐन भरात असताना, ४ मे २०२१ला, आयसीएमआरने सांगितलं की एकदा पॉझिटिव्ह आलेल्याची आरटीपीसीआर पुन्हा करू नका, आणि प्रयोगशाळांवरचा भार हलका करण्यासाठी राज्याराज्यांत प्रवास करणाऱ्या निरोगी माणसांवरची आरटीपीसीआरची सक्तीही पूर्ण काढून टाकता येईल. निरोगी माणसाच्या दाखल्यासाठी वापरलेली प्रत्येक खाच ही रांगेतल्या तापकरी माणसाची खाच असते. ९४ खाचांच्या प्लेटमध्ये ४० दाखल्यांच्या असतील तर देवरूखच्या रुग्णाचा अहवाल दुसऱ्या दिवसावर जातो.

वेशीवर तपासायचं आणि अडवायचं, ही आपली जुनी सवय आहे. १८९६च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला गेला, लोक शहर सोडून पळाले, आणि ४ फेब्रुवारी १८९७ला साथरोग कायदा आला. राज्याने १३ मार्च २०२०ला तोच कायदा लागू केला. त्यात प्रवाशांची तपासणी करण्याचा आणि संशयितांना वेगळं ठेवण्याचा अधिकार सरकारला आहे. वेगळं ठेवलेल्याची चूल कशी पेटायची, यावर मात्र खर्चाच्या ओघात ‘नुकसानभरपाई, असल्यास’ एवढाच उल्लेख. सव्वाशे वर्षांत त्या ‘असल्यास’चं ‘द्यावी’ झालं नाही.

चाचणी कोण टाळतं आणि का टाळतं, या प्रश्नाचं उत्तर त्या एका शब्दात आहे. खासगी प्रयोगशाळेतल्या आरटीपीसीआरची कमाल किंमत मार्च २०२०मध्ये ४,५०० रुपये होती. राज्याने जूनमध्ये ती २,२०० केली आणि उतरवत उतरवत मार्च २०२१च्या अखेरीस ५०० रुपयांवर आणली. २०२०-२१मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २३८ रुपये होती. म्हणजे २,२०० रुपये हे नऊ दिवसांहून जास्त मजुरीचे पैसे झाले. सरकारी चाचणी फुकट होती हे खरं, पण तिचीही किंमत होती: केंद्रापर्यंतची रिक्षा, बुडालेला दिवस आणि पॉझिटिव्ह आलं तर बुडालेले चौदा दिवस. मिरकरवाडा किंवा हर्णै बंदरातल्या खलाशाला हंगामात चौदा दिवस बोटीवरून उतरवलं तर त्याची जागा दुसरा घेतो. आणि १ जूनपासून मासेमारी बंदच असते, म्हणजे मे महिन्यातली एक फेरी चुकली की पावसाळ्याची बेगमी चुकली. आंब्याच्या बागेत राखणीला असलेला नेपाळी गडी बागेतल्याच झोपडीत राहतो, रेशनकार्ड त्याच्या गावी. रायगड-रत्नागिरीतले कातकरी वीटभट्टी आणि कोळशाच्या कामावर कुटुंबासकट फिरत असतात. आशाताईंच्या घरोघरच्या यादीत त्यांचं घरच नसतं, कारण ते घर पावसाळ्यापुरतं असतं. अशी माणसं चाचणीला आली नाहीत की ‘जनजागृती कमी पडली’ असं म्हटलं जातं. मला हे साफ चुकीचं वाटतं. त्यांना नीट कळलेलं असतं. चाचणी दिल्याने काय बुडेल याचा त्यांचा हिशेब अचूक असतो, आणि तो बदलायचा तर पॉझिटिव्ह येणाऱ्याला त्याच दिवशी चौदा दिवसांचा शिधा आणि किमान रोजगार हमीच्या दराने मजुरी मिळायला हवी. २३८च्या हिशेबाने चौदा दिवसांचे ३,३३२ रुपये होतात. एका बोटीवरच्या पंधरा-वीस खलाशांत साथ पसरू न देण्याची ही किंमत आहे.

बायकांचा हिशेब आणखी वेगळा. घरात म्हातारी माणसं, गोठ्यात गुरं, विहिरीवरून पाणी. विलगीकरण केंद्रात जायचं तर हे कुणावर टाकायचं? अनेक घरांत संडास एकच आणि तोही परड्यात, त्यामुळे ‘स्वतंत्र शौचालय असल्यास गृहविलगीकरण’ ही अट शहरी फ्लॅटला सोयीची आणि वाडीतल्या घराला अडचणीची. कोकणी घराची पडवी मात्र विलगीकरणाला उत्तम जागा आहे. एक बाजू मोकळी, वारा खेळता, वेगळं दार. गावाच्या पातळीवर कुणी नीट पाहिलं असतं तर शाळेत वीस माणसं एका छताखाली ठेवण्यापेक्षा पडवी आणि शेजारच्या बंद घराचा संडास ही व्यवस्था जास्त सुरक्षित ठरली असती. मुंबईकरांची कुलूपबंद घरं वाडीवाडीत आहेतच.

लसीच्या वेळीही असंच झालं. १ मे २०२१पासून १८ ते ४४ वयोगटाला कोविन पोर्टलवर नोंदणी सक्तीची झाली. चपळ इंटरनेट असलेल्या शहरी माणसांनी ग्रामीण केंद्रांवरच्या वेळा पटकावल्या आणि ज्या गावात केंद्र होतं तिथली माणसं बाहेर उभी राहिली. केंद्रावर थेट नोंदणीची मुभा २४ मेनंतर आली.

अहवाल पॉझिटिव्ह आल्यानंतर दुसरं घड्याळ सुरू होतं, आणि ते ऑक्सिजनचं असतं. राज्याने १५ सप्टेंबर २०२०पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघर ताप आणि ऑक्सिजन मोजला, ते काम मोलाचं होतं. पण ऑक्सिमीटर वाचताना काही गोष्टी सांभाळायला लागतात. बोट गार किंवा ओलं असेल, नखाला रंग असेल तर आकडा चुकतो. पावसाळ्यात भिजून आलेल्या माणसाचा हात आधी पुसून, चोळून ऊबदार करावा लागतो. डिसेंबर २०२०मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं की ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८च्या खाली असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के आणि कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के होतं. दिवसभर उन्हात राबणाऱ्या, सावळ्या-काळ्या कातडीच्या आपल्या माणसांसाठी यातून एक काळजी निघते: ९५ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नये, सहा मिनिटं चालवून पुन्हा मोजावं. आकडा तीनने किंवा त्याहून जास्त घसरला किंवा ९४च्या खाली गेला तर रुग्णाला हलवायची वेळ झाली.

हलवायचं तर रस्त्याचं आणि सिलिंडरचं गणित जुळायला हवं. मोठ्या डी प्रकारच्या सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर ऑक्सिजन असतो आणि मिनिटाला १० लिटरने तो ११ तास ४० मिनिटं पुरतो. साध्या रुग्णवाहिकेत बहुधा लहान, बी प्रकारचा सिलिंडर असतो, त्यात १,५०० लिटर. त्याच गतीने तो अडीच तासांत संपतो, १५ लिटर लागत असतील तर एक तास चाळीस मिनिटांत. मंडणगडहून रत्नागिरी दीडशे किलोमीटरांच्या आसपास, घाटवळणांचा आणि महामार्गाच्या अर्धवट कामांचा रस्ता, चारेक तासांचा. म्हणजे एका लहान सिलिंडरवर निघालेला रुग्ण चिपळूणच्या पुढे कुठेतरी ऑक्सिजनविना राहतो. निघण्यापूर्वी दुसरा भरलेला सिलिंडर, रेग्युलेटरची चावी आणि वाटेत बदलायची ठिकाणं, कळंबणी किंवा कामथ्याचं उपजिल्हा रुग्णालय, ठरलेली हवीत. हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे प्लांट पुढे उभे राहिले, ही चांगलीच गोष्ट झाली, पण ते विजेवर चालतात. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. मे २०२१मध्ये तौक्ते आलं. २२ जुलै २०२१ला चिपळूण पाण्याखाली गेलं. कोकणात साथीची योजना पावसाळा गृहीत धरूनच करावी लागते: जनरेटर पुराच्या रेषेच्या वर, तीन दिवसांचं डिझेल, आणि वीज गेली तरी चालेल अशी चाचणी.

आता टक्क्यांबद्दल, कारण निर्णय त्यांवर घेतले गेले. जून २०२१मध्ये राज्याने जिल्ह्यांचे पाच स्तर केले, निकष दोन: बाधितांचा दर आणि भरलेल्या ऑक्सिजन खाटा. बाधितांचा दर म्हणजे चाचण्यांमागे पॉझिटिव्ह किती. लक्षणं असलेल्या आणि संपर्कातल्या २०० जणांत ४० बाधित निघाले तर दर २० टक्के. त्यात बाजारातून, रांगेतून उचललेल्या ६०० निरोगी माणसांच्या चाचण्या मिसळल्या आणि ६ बाधित निघाले, तर ८००मागे ४६, म्हणजे पावणेसहा टक्के. जिल्हा खालच्या स्तरात येतो, दुकानं उघडतात, आणि वाडीतला संसर्ग होता तिथेच असतो. हे टाळायचं तर लक्षणं असलेल्यांचा दर वेगळा छापायला हवा. त्याच महिन्यात राज्यात विषाणूच्या ‘डेल्टा प्लस’ या नव्या प्रकाराचे २१ रुग्ण आढळल्याचं जाहीर झालं आणि त्यातले ९ रत्नागिरी जिल्ह्यातले होते. लगेच रत्नागिरीचं नाव देशभर झालं. जनुकीय क्रमवारीचे निकाल नमुना घेतल्यानंतर काही आठवड्यांनी येतात, म्हणजे बातमी आली तेव्हा त्या माणसांचा आजार होऊन गेलेला होता. जिथे नमुने पाठवले जातात तिथेच नवा प्रकार सापडतो, एवढं जरी त्या बातम्यांसोबत सांगितलं गेलं असतं तरी संगमेश्वर तालुक्यातल्या माणसांकडे संशयाने पाहिलं गेलं नसतं. पुढच्या वेळी कुठला जिल्हा नमुने लपवायला बघेल, तर तो या अनुभवामुळे.

मग करायचं काय? ओरोस आणि अलिबागला २०२१मध्ये आणि रत्नागिरीला २०२३मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली. जिल्ह्याच्या ठिकाणी प्रयोगशाळेचा प्रश्न बराचसा सुटला. तालुक्याच्या टोकाचा सुटलेला नाही. त्यावर उपाय शेजारच्या गोव्यातच तयार होतो. ट्रूनॅट हे मोलबायो कंपनीचं बॅटरीवर चालणारं छोटं यंत्र क्षयरोगाच्या कार्यक्रमात आधीपासून वापरात आहे आणि कोविडमध्येही वापरलं गेलं. नमुन्यातून आरएनए काढायला वीसेक मिनिटं, चिपवर पीसीआर व्हायला चाळीसेक मिनिटं, म्हणजे तासाभरात उत्तर. प्लेट भरायची वाट पाहावी लागत नाही, वातानुकूलित खोल्यांची रांग लागत नाही. दोन खणांच्या यंत्रावर दिवसाला पंधरा-सोळा चाचण्या होतात. मंडणगड, गुहागर, राजापूर, वैभववाडी, दोडामार्ग अशा टोकाच्या ग्रामीण रुग्णालयांना तेवढ्या पुरतात.

कोकणात अशा यंत्राला काय बाधतं, तेही सांगायला हवं. दमट हवा सगळ्यात आधी. चिप आणि अँटिजेनच्या पट्ट्या ओलावा शोषणाऱ्या पुडीसह बंद पाकिटात येतात. पाकीट चाचणीच्या क्षणीच फोडायचं, सकाळी दहा पाकिटं फोडून ओळीत मांडायची नाहीत. अँटिजेन किट ३० अंशांच्या आत ठेवायची, म्हणजे मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद गाडीत नाही. द्रावाचे तीन थेंब टाकायचे आणि १५ ते ३० मिनिटांच्या मध्ये वाचायचं. गर्दीत पट्टी तासाभराने पाहिली तर दिसणाऱ्या फिकट रेघेला अर्थ नसतो. यंत्रावर रोज नियंत्रण चाचणी आणि दर आठवड्याला काही नमुने जिल्हा प्रयोगशाळेकडे पडताळणीला. आणि यंत्राबरोबर कायम नोकरीचा तंत्रज्ञ. लाट ओसरली की कंत्राटी कर्मचाऱ्यांची मुदत संपते आणि यंत्रावर कापड पडतं, हे आपण पाहिलं आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, एवढ्या कमी लोकसंख्येला यंत्र परवडतं का? परवडतं, कारण त्याला साथीची वाट पाहत बसावं लागत नाही. क्षयरोग तर आहेच. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) साथ दर पावसाळ्यात भातशेतीच्या चिखलातून येते आणि तिथे पहिल्या आठवड्यात प्रतिपिंडांची चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, त्यामुळे लवकर निदानाची गरज मोठी आहे. दोडामार्गच्या केर गावात २०१६च्या सुरुवातीला माकडताप दिसला, पुढे तो सावंतवाडीच्या बांदा भागात गेला. काजूच्या हंगामात, म्हणजे जानेवारी ते मे, जंगलात जाणाऱ्यांना गोचिडीमुळे होणारा हा ताप आहे आणि त्याचे नमुनेही सुरुवातीला दूरच जात होते. या तापांसाठी चिप आणि प्रशिक्षण दिलं तर तेच टेबल, तोच तंत्रज्ञ, तीच नमुना-गाडी बारा महिने चालते. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: क्षयरोगाची यंत्रं साथीला वळवली की क्षयरोगी मागे पडतात. तसं झालंच. देशात २०१९मध्ये सुमारे २४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती, २०२०मध्ये ती १८ लाखांवर आली. सहा लाख माणसांचा क्षय एका वर्षात बरा झाला नव्हता, तो मोजला गेला नव्हता. म्हणून साथीसाठीचा खण वेगळा हवा, क्षयाच्या खणाला हात लावायचा नाही, असा लेखी नियम आधी करून ठेवला पाहिजे.

जिल्हा प्रयोगशाळेचा भार हलका करायला एकत्रित चाचणी आहे. बाधितांचा दर २ टक्क्यांच्या आत असेल तर पाच नमुने एकत्र करायचे. १,००० नमुन्यांचे २०० गट होतात, त्यांतले एकोणीस-वीस पॉझिटिव्ह येतात, तेवढेच फोडून पुन्हा तपासायचे, एकूण ३०० चाचण्यांत काम होतं. दर २० टक्क्यांवर गेला की दोनतृतीयांश गट फोडावे लागतात आणि वेळ दुप्पट जातो, तेव्हा ही पद्धत त्याच दिवशी थांबवावी.

आशाताईंना कोविडच्या कामासाठी केंद्राकडून महिन्याला १,००० रुपये मिळत होते. दिवसाला तेहतीस रुपये. जून २०२१मध्ये राज्यातल्या आशांनी संप केला तो याच कारणांनी. वाडीतल्या तापाची पहिली खबर त्यांच्याकडून येते, व्हाळावरचा साकव वाहून गेला तरी त्याच पलीकडे पोचतात. नमुन्याच्या तासांचं घड्याळ त्यांच्या पावलांपासून सुरू होतं, तेव्हा त्यांचं मानधन साथीच्या खर्चात पहिल्या ओळीत असायला हवं.

आणि त्या रोजच्या पत्रकात, तालुक्याच्या नावापुढे, तीन कालावधी छापावेत: ताप आल्यापासून स्वॅब घेईपर्यंतचे सरासरी तास, स्वॅब घेतल्यापासून प्रयोगशाळेत पोचेपर्यंतचे, आणि पोचल्यापासून त्या माणसाला कळेपर्यंतचे. रत्नागिरी शहरापुढे १४ आणि मंडणगडपुढे ७० असं रोज छापून आलं, की कुठली गाडी कधी निघायला हवी आणि कुठल्या रुग्णालयात तंत्रज्ञ नाही, हे जिल्हाधिकाऱ्यांना विचारायला गावातल्या कुणालाही दुसरा पुरावा लागणार नाही. त्यासाठी नवी योजना नको, नवा निधी नको. नोंदवहीत तीन रकाने आखायचे, आणि ते आखायला साथीची वाट पाहायची गरज नाही. येत्या पावसाळ्यात लेप्टोच्या नमुन्यांपासून सुरुवात करता येईल.